बातमीच्या पलीकडे : समाजाचे बदलते मन कसे टिपावे

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांचा एक मोर्चा जिल्हाधिकारी कार्यालयावर गेला. मोर्चातील तरुण नवरदेवाच्या वेशात होते, काही जण घोड्यावर बसले होते. ज्योती क्रांती परिषदेने काढलेल्या या मोर्चाची मागणी अशी होती, की गर्भलिंगनिदानाला प्रतिबंध करणाऱ्या कायद्याची कठोर अंमलबजावणी व्हावी, कारण लग्नासाठी मुली मिळत नाहीत. त्याची छायाचित्रे देशभर फिरली ती बहुतेक करमणूक म्हणून. आपल्या शहराची ही बातमी मात्र गांभीर्याने वाचण्याजोगी होती, कारण समाजाच्या मनात तीन वेगवेगळ्या काळांत झालेले तीन बदल त्या एकाच रस्त्यावर एकत्र आले होते.

पहिला बदल जुना आहे. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ च्या जनगणनेत ९४६ होती, २००१ मध्ये ती ९१३ झाली आणि २०११ मध्ये ८९४. १९९१ मध्ये मोजले गेलेले ते मुलगे २०२२ साली तिशी ओलांडलेले होते. दुसरा बदल मुलींच्या शिक्षणाचा आहे आणि तिसरा, सगळ्यांत अलीकडचा, शेतीकडे पाहण्याच्या दृष्टीचा. शेतकरी असलेले आईवडीलही आज मुलीसाठी नोकरदार स्थळ शोधतात. या तीन धाग्यांना वेगळे केले नाही, तर ‘मुलींच्या अपेक्षा वाढल्या’ एवढ्याच वाक्यावर चर्चा संपते आणि सारा दोष ज्यांना जन्मच नाकारला गेला त्यांच्या हयात बहिणींच्या माथी येतो. असे होऊ नये, एवढ्यासाठी तरी चालू घडामोडींतून समाजाचे मन वाचण्याची शिस्त शिकून घ्यावी असे मला वाटते. हे काम विद्यापीठातील संशोधकांपुरते नाही. वाचनाची सवय आणि थोडी चिकाटी असलेला कोणीही ते करू शकतो.

प्रश्न लहान करा

सुरुवात प्रश्नापासून करावी. ‘समाज बदलला आहे का?’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण त्याचे कोणतेही उत्तर कोणालाही खोडता येते. त्याऐवजी एक कृती, एक जागा आणि एक कालखंड ठरवावा. ‘आमच्या तालुक्यात गेल्या चाळीस वर्षांत मुलीच्या लग्नाचे वय कसे बदलले, आणि शिक्षण अर्धवट सोडवून लग्न लावले तर शेजारीपाजारी काय म्हणतात?’ हा प्रश्न हाताळता येतो. ‘आमच्या गल्लीत नवरा गेलेल्या स्त्रीला हळदीकुंकवाला बोलावतात का, आणि केव्हापासून?’ हा तर त्याहून चांगला, कारण त्यात मोजण्यासारखे, विचारण्यासारखे आणि प्रत्यक्ष पाहण्यासारखे असे तिन्ही आहे.

प्रश्न ठरला की वहीच्या पानावर तीन उभे रकाने आखावेत : कायदा काय सांगतो, लोक काय करतात आणि लोक काय बोलतात. या तिन्ही गोष्टी एकाच वेगाने चालत नाहीत. बहुतेक चुकीचे निष्कर्ष निघतात ते एका रकान्यातील नोंद दुसऱ्या रकान्याचा पुरावा म्हणून वापरल्यामुळे.

लग्नाच्या वयाचेच उदाहरण घ्या. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीशी शरीरसंबंधासाठीची दहाची वयोमर्यादा बारा केली, तेव्हा महाराष्ट्रात केवढे वादळ उठले हे सर्वांना ठाऊक आहे. बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा १९२९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. त्यात मुलीचे किमान वय १४ आणि मुलाचे १८ होते. (त्याच्या पुढच्याच महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, पुकारला गेला, त्यामुळे त्या वर्षीची आपल्या शहराची वृत्तपत्रे चाळणाऱ्याला शारदा कायद्याची चर्चा बाजूला पडलेली दिसली तर त्याचे कारण लोकांची उदासीनता असेलच असे नाही.) १९४९ मध्ये मुलीचे वय १५ झाले, १९७८ मध्ये मुलीचे १८ व मुलाचे २१, आणि २००६ मध्ये बालविवाह प्रतिबंधाचा नवा, अधिक कडक कायदा आला. हा झाला पहिला रकाना.

दुसऱ्या रकान्यात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे लिहावेत. २० ते २४ वर्षे वयाच्या ज्या स्त्रियांचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झाले होते, त्यांचे प्रमाण देशात २००५-०६ मध्ये ४७.४ टक्के, २०१५-१६ मध्ये २६.८ टक्के आणि २०१९-२१ मध्ये २३.३ टक्के आढळले. महाराष्ट्रात यांतल्या शेवटच्या दोन फेऱ्यांत ते २६.३ वरून २१.९ वर आले. म्हणजे अठराची अट घातल्याला चाळीस वर्षे उलटून गेल्यावरही राज्यातील दर पाच तरुण विवाहितांत आणि अविवाहितांत मिळून एकीहून अधिक जणींच्या बाबतीत ती पाळली गेली नव्हती. शिवाय देशातील पहिल्या दहा वर्षांची घट मोठी आहे आणि नंतरची पाच वर्षांची लहान. बदलाचा वेग मंदावतो तेव्हा सोपी कारणे संपून अवघड कारणे उरलेली असतात. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणारी कुटुंबे, गावात दहावीनंतर शिक्षणाची सोय नसणे, वयात आलेल्या मुलीच्या सुरक्षिततेची धास्ती ही ती कारणे. राज्याच्या सरासरीवर न थांबता आपल्या जिल्ह्याचे माहितीपत्रक याच सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे, कारण राज्याच्या सरासरीत मुंबई-पुणेही असतात आणि सांगोला-मंगळवेढाही.

तिसरा रकाना भरणे सर्वांत कठीण आहे. त्याकडे पुढे वळू.

सोलापुरात पुरावा कोठे सापडतो

जुनी वृत्तपत्रे हा पहिला आधार. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या शहरातील जुन्या ग्रंथालयांत विचारणा करावी आणि काय जपले आहे ते पाहावे. १८८४ चे सोलापूर जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटिअर आता संगणकावर वाचता येते. त्यातील जातीजातींची वर्णने वाचताना मात्र ती ब्रिटिश अधिकाऱ्याच्या नजरेतून लिहिली आहेत हे विसरू नये. त्या पानांवरून १८८० च्या सुमारास लोक काय करीत याचा अंदाज येतो, लोकांना काय वाटत होते हे क्वचितच कळते.

घरातील कागदपत्रांचे मोल अनेकांच्या लक्षात येत नाही. जुन्या लग्नपत्रिका एकत्र करून सालवार लावल्या, तर पुष्कळ काही उलगडते : वधूवरांच्या नावापुढे पदवी केव्हापासून येऊ लागली, निमंत्रकांत आईचे नाव कधी आले, विधवा आजीचे नाव पत्रिकेत आहे की वगळले आहे, पोटजातीचा उल्लेख कधी गळाला. निधनवार्ताही तशाच बोलक्या असतात. ‘त्यांच्या पश्चात’ या शब्दांनंतर मुलगे, सुना आणि नातवंडे आली आणि लेकी-जावई राहून गेले, असे किती वेळा घडते हे दहा-दहा वर्षांच्या अंतराने पाहावे. वधूवरांच्या जाहिरातींत ‘घटस्फोटित चालेल’ किंवा ‘जातीची अट नाही’ असे लिहिणाऱ्यांचे प्रमाण मोजता येते. एकाच वृत्तपत्राचा, एकाच महिन्यातील एकाच वाराचा अंक प्रत्येक दशकातून निवडावा, म्हणजे तुलना प्रामाणिक राहते.

सोलापुरात एक जास्तीची खबरदारी आवश्यक आहे. हे शहर मराठीइतकेच तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही बोलते. मराठी वृत्तपत्रांवरून काढलेला निष्कर्ष पूर्व भागातील पद्मशाली विणकरांच्या घराला, विजापूर वेशीच्या परिसराला किंवा अक्कलकोटच्या कन्नडभाषक शेतकऱ्याला लागू होईलच असे नाही. ज्यांच्या घरात आपल्याला समजत नाही अशी भाषा बोलली जाते, त्यांच्यापैकी एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला सोबत घेऊनच हे काम करावे, आणि तेही शक्य नसेल तर आपला निष्कर्ष कोणत्या वस्तीपुरता आहे हे स्पष्ट लिहावे.

वृत्तपत्रे वाचताना आणखी एक गोष्ट सतत मनाशी धरावी लागते : बातमी अपवादाची होते. मुलीने वडिलांच्या चितेला अग्नी दिला, याचे छायाचित्र छापून येते ते तोवरच, जोवर ते दुर्मीळ आहे. अशा बातम्या वाढल्या तर प्रथा बदलू लागली असे म्हणता येते. पण बातम्या कमी झाल्या तर? तेव्हा दोन परस्परविरुद्ध अर्थ संभवतात. एक, ही गोष्ट इतकी सर्वसामान्य झाली की संपादकाला तिचे अप्रूप उरले नाही. दोन, ती घडायचीच थांबली. यांतला कोणता अर्थ खरा, हे मुख्य बातम्यांवरून कधीच समजत नाही. त्यासाठी आतल्या पानावरील साध्या निधनवार्ता पाहाव्या लागतात. तेथे ‘मुलीने अग्नी दिला’ हे वाक्य विशेषणाशिवाय, इतर तपशिलांच्या ओघात येऊ लागले असेल, तर समाजाने ते स्वीकारले असे मानायला आधार आहे. विशेषणे गळून पडणे ही मला बदलाची सर्वांत भरवशाची खूण वाटते.

रोखलेल्या बालविवाहांच्या बातम्यांनाही हेच लागू आहे. एखाद्या वर्षी अशा बातम्या अधिक आल्या म्हणून बालविवाह वाढले असे लगेच म्हणू नये. १०९८ या मदतवाहिनीवर फोन करणारे वाढले असतील, ग्रामसेवक आणि अंगणवाडी सेविका अधिक सावध झाल्या असतील, किंवा एखाद्या शाळकरी मुलीने स्वतःच तक्रार करण्याचे धैर्य दाखवले असेल. ही शेवटची शक्यता खरी असेल, तर तो वृत्तीतील फार मोठा बदल आहे आणि तो स्वतंत्रपणे नोंदवायलाच हवा.

वाद कशावर आहे ते पाहा

दीर्घ काळातील बदल ओळखण्याची माझ्या मते सर्वांत उपयुक्त रीत अशी, की प्रत्येक काळात लोक नेमके कशावर भांडत होते ते लिहून काढावे. वाद एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर सरकतो तेव्हा मागची पायरी बहुधा मान्य झालेली असते. आपल्या जिल्ह्यातील पंढरपूरएवढे याचे स्पष्ट उदाहरण दुसरे नाही. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले, तेव्हा प्रश्न प्रवेशाचा होता. त्यानंतर काही दशकांनी प्रश्न पूजेच्या वंशपरंपरागत हक्कांवर येऊन ठेपला. १९७३ मध्ये त्यासंबंधी कायदा झाला, त्यावर न्यायालयीन लढाई चालली आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडवे-उत्पात या वंशपरंपरागत पुजारी घराण्यांचा दावा फेटाळला. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारीपदासाठी स्त्रियांना आणि सर्व जातींच्या उमेदवारांना बोलावले. दाराशी उभे राहू द्यायचे की नाही, येथून देवाच्या अंगावर हात कोणी ठेवायचा, येथपर्यंत वाद सरकला. ‘काहीच बदलले नाही’ आणि ‘सगळे बदलले’ ही दोन्ही विधाने या क्रमापुढे टिकत नाहीत.

विधवांच्या प्रश्नाचाही असाच माग काढता येतो. पंढरपुरात १८७५ मध्ये निराधार विधवा आणि त्यांची अर्भके यांच्यासाठी आश्रम सुरू झाला, तेव्हा प्रश्न जिवाचा होता. विधवाविवाहाला कायद्याने १८५६ मध्येच मान्यता दिली होती, तरीही पंढरपुरात आईला आणि बाळाला आसरा द्यायची वेळ येत होती. त्यानंतर वाद पुनर्विवाहावर बराच काळ राहिला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. या मोहिमेमागे आपल्या जिल्ह्यातील करमाळ्याचे महात्मा फुले समाजसेवा मंडळ होते, ही गोष्ट सोलापूरकरांनी अभिमानाने लक्षात ठेवावी. येथे वाद सन्मानाचा झाला आहे.

मात्र ठराव हा पहिल्या रकान्यातील मजकूर आहे. गावात खरोखर काय घडते आणि लोक काय बोलतात हे पाहण्यासाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्याकडे, म्हणजे माणसांकडे जावे लागते.

माणसांना कसे विचारावे

‘विधवा प्रथा बंद व्हाव्यात असे आपल्याला वाटते का?’ असे विचारले तर आज जवळजवळ प्रत्येक जण होच म्हणेल. हे उत्तर निरुपयोगी नाही, कारण काय बोलणे शोभते याची कल्पना बदलली आहे हे त्यातून समजते. मनाचा ठाव मात्र लागत नाही. त्यासाठी मताऐवजी शेवटच्या प्रसंगाबद्दल विचारावे. ‘मावशी, गेल्या संक्रांतीला हळदीकुंकवाला कोणाकोणाला बोलावलं होतं?’ नावे येऊ लागतात आणि कोणती नावे येत नाहीत हेही ऐकणाऱ्याला उमगते. ‘धाकट्याच्या लग्नात ओवाळायला कोण होतं?’ ‘तुमच्या ओळखीत शेवटचं आंतरजातीय लग्न कोणाचं झालं, आणि ती दोघं आता सणाला घरी येतात का?’ असे प्रश्न विचारावेत. लग्न झाले त्या दिवसापेक्षा पहिल्या दिवाळीला काय झाले, हे अधिक महत्त्वाचे असते.

वयस्क माणसांना साल आठवत नाही, त्यामुळे सालाचा आग्रह धरू नये. ७२ चा दुष्काळ, किल्लारीचा भूकंप, गिरणीचा भोंगा बंद झाला तो काळ, विडी घरकुलात राहायला गेलो ते वर्ष, अशा खुणांना धरून ‘त्याच्या आधी की नंतर?’ एवढेच विचारावे. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांच्या १०,००० घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली, तेव्हा पुष्कळ जणींच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा काही मालमत्ता आली. घर नावावर झाल्यावर मुलीच्या शिक्षणाबद्दल, सुनेच्या नोकरीबद्दल, नवऱ्याच्या मारहाणीबद्दल त्यांचे बोलणे बदलले का, हा अभ्यासाचा फार मोलाचा विषय आहे. त्यांच्याशी बोलताना त्यांचे हात विड्या वळण्यात गुंतलेले असतील. ते काम थांबवायला सांगू नये, कारण मजुरी वळलेल्या विड्यांवर ठरते.

मारहाणीचा विषय निघाला म्हणून सांगतो. वर उल्लेख केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नवऱ्याने बायकोला मारणे कोणत्या कारणाने योग्य ठरते, असे सात कारणे देऊन विचारले जाते : न सांगता बाहेर जाणे, घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष, उलट बोलणे, शरीरसंबंधाला नकार, स्वयंपाक नीट न करणे, चारित्र्याचा संशय, सासू-सासऱ्यांचा अनादर. एकच प्रश्न, त्याच शब्दांत, वर्षानुवर्षे विचारणे हेच या पद्धतीचे बळ आहे. आपणही आपले प्रश्न एकदा ठरले की त्यांचे शब्द बदलू नयेत. पुढच्या वर्षी शब्द बदलले तर उत्तर बदलले की प्रश्न, हे सांगता येणार नाही.

एक बाब अत्यंत गंभीर आहे. आंतरजातीय विवाह, जातपंचायत, घरातील हिंसा यांबद्दल बोलणाऱ्या व्यक्तीचे नाव, गल्ली, व्यवसाय यांपैकी काहीही वहीत ओळखू येईल अशा रीतीने लिहू नये. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१७ पासून लागू आहे, याचा अर्थच असा की बहिष्कार अजून घडतो. आपल्या जिज्ञासेची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागू नये.

घाईचे निष्कर्ष

भूतकाळ सरसकट मागासलेला होता, असे गृहीत धरणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन हे स्वातंत्र्यलढ्यातील सोलापूरचे चार हुतात्मे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात एकत्र फासावर गेले. त्या काळच्या सोलापुरात वेगवेगळ्या धर्मांची आणि भाषांची माणसे एकाच लढ्यात उभी राहत होती. हा पुतळ्याजवळच्या कार्यक्रमापुरता इतिहास नव्हे. आज वस्त्यांमधील ये-जा, एकमेकांच्या सणांना जाणे, भाड्याने घर देणे या गोष्टी तेव्हापेक्षा वाढल्या की आटल्या, हे तपासावे. उत्तर सुखावणारे नसेल तरी ते लिहावे.

एका निवडणुकीवरूनही निर्णय देऊ नये. माळशिरस तालुक्यातील तरंगफळ गावाने २०१७ मध्ये तृतीयपंथी व्यक्तीला थेट सरपंचपदी निवडून दिले, ही नक्कीच मोठी गोष्ट आहे. पण त्याने शेजारच्या गावात तृतीयपंथीयांना घर भाड्याने मिळते का, याचे उत्तर मिळत नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांत महाराष्ट्राने २०११ पासून स्त्रियांना निम्म्या जागा दिल्या. ग्रामसभेला जाऊन बसावे आणि प्रश्नाला उत्तर कोण देते, सरपंचबाई की त्यांचे यजमान, हे पाहावे. वर्षभरानंतर पुन्हा जावे.

१९३१ नंतर प्रथमच सर्व जातींची मोजणी येत्या जनगणनेत होणार असून तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. त्या आकड्यांवरून वृत्तींबद्दल पुष्कळ दावे केले जातील. कोणत्या जातीचे किती लोक आहेत यावरून जातीबद्दल लोकांना काय वाटते हे कळत नाही, एवढी सावधगिरी आत्तापासूनच बाळगावी.

ज्यांना आजपासून सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी एक ताजा विषय सुचवतो. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव महाराष्ट्रातील शासकीय कागदपत्रांत स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहिणे बंधनकारक झाले आहे. म्हणजे पहिला रकाना भरलेलाच आहे. बारशाच्या पत्रिकेवर, दवाखान्याच्या केसपेपरवर, अंगणवाडीच्या नोंदवहीत आणि वाढदिवसाच्या केकवर त्या मुलांची नावे कशी लिहिली जातात, हे आत्ताच तारखेसह टिपायला लागावे. ही मुले २०३० च्या सुमारास पहिलीत जातील, तेव्हा शाळेत हजेरी घेताना त्यांचे पूर्ण नाव कसे पुकारले जाते हे ऐकावे, आणि तोवरच्या नोंदींची एक प्रत आपल्या भागातील ग्रंथालयात ठेवून द्यावी, म्हणजे पुढचा अभ्यासक तेथून पुढे मोजू शकेल.